जैबुनचं टॉनिक

४ एप्रिल, शुक्रवार

ईद झाली, शीरखुर्म्याचं पातेलं आलं, पण ते घेऊन जैबुन आली नाही. तिचे यजमान कय्युमभाई गॅरेजच्या काळ्या कपड्यांतच आले, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि "तिची तब्येत बराबर नाही भाभी" एवढं बोलून गेले. मी लग्न होऊन आर्णीत आले तेव्हापासून ती माझी शेजारीण आहे. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून इतक्या वर्षांत कढीपत्ता गेला, थर्मामीटर गेलं, पोरांची पुस्तकं गेली, एकदा तर तिची बकरी आली. आमच्या घरात अंडंही शिजत नाही म्हणून आमचा शीरखुर्मा ती वेगळ्या पातेल्यात करते आणि स्वतः आणते. न येण्याची ही पहिली वेळ.

आज मीच गेले. बाजेवर पडून होती. शिलाई मशीनवर चादर टाकलेली.

"काय होतंय गं?"

"काहीच नाही होऊन राह्यलं ताई, तेच तं. उठावं नाही वाटत, बोलावं नाही वाटत. हे हातपाय दुसऱ्याचे हायेत अन् मी वागवून राह्यली, असं वाटते."

तिची मुलगी आरिफा जानेवारीत नवऱ्याबरोबर हैदराबादला राहायला गेली, लहानग्या माहनूरला घेऊन. ती पोर जन्मापासून जैबुनच्या मांडीवर वाढलेली. त्यात रमजानचे उपास. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या आहेत. पोटात दुखतं म्हणून त्या कपाटात ठेवून दिल्या. जेवण झाल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर घे म्हटलं तर "हो" म्हणाली. तिचं हे हो मला चांगलं ओळखता येतं.

परत येताना पायरीवर जरा टेकले. ऊन आत्तापासूनच फार आहे.

९ एप्रिल, बुधवार

माझे यजमान वामनराव, त्यांचे जुने स्नेही धावजी झरी जामणीहून आले. हे तिकडे वनखात्यात कारकून होते तेव्हाची मैत्री. मी मुलांच्या शाळेसाठी आर्णीतच राहिले, त्यामुळे ते रान मी फारसं पाहिलेलं नाही. धावजींनी पिशवीभर वाळवलेली मोहाची फुलं आणली. मनुकांसारखी दिसतात.

"बाईमाणसाले लय ताकदीची," ते म्हणाले. "आमच्याकडं बाळंतिणीले लाडू देतेत याचे. रगत वाढते."

रक्त वाढतं म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे जैबुन आली. वामनरावांनी एक फूल उचलून नाकाशी धरलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. नोकरीचे दिवस आठवले असावेत.

लाडू मात्र नको. जैबुनच्या दाढा गेलेल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर मला आठवण झाली ती सिस्टर बेनेडिक्टांच्या टॉनिकची. यवतमाळला सिस्टरांच्या बोर्डिंगात होते तेव्हा दर रविवारी प्रार्थनेनंतर त्या फिकट दिसणाऱ्या मुलींना रांगेत उभं करायच्या आणि तपकिरी बाटलीतलं चमचा चमचा टॉनिक द्यायच्या. गोड, किंचित कडवट, घशातून उतरताना गरम. आम्ही टॉनिक मिळावं म्हणून गालांना खडू चोळायचो. त्या रात्री झोप अशी लागायची की सकाळची घंटा ऐकू येत नसे. असं औषध नंतर कुठल्याच दुकानात मिळालं नाही. औषध पातळ हवं, म्हणजे अंगी लागतं, असं सिस्टर म्हणत.

फुलं धुऊन, गूळ आणि कोमट पाणी घालून लोणच्याच्या मोठ्या बरणीत भिजत घातली. तोंड फडक्यानं घट्ट बांधून बरणी गोठ्याच्या छपरात ठेवली. तिथे ऊब चांगली असते.

१३ एप्रिल, रविवार

बरणीत बारीक बुडबुडे येतात आणि कान लावला तर कुजबुजल्यासारखा आवाज ऐकू येतो. फडकं फुगून टोपीसारखं झालं होतं. मला फार आनंद झाला. बाजारातली औषधं मेलेली असतात. हे जिवंत आहे.

गाळून घेतलं. वास जरा उग्र वाटला, म्हणून सुंठ, वेलची आणि दोन लवंगा घालून उकळायला ठेवणार होते. मग वाटलं, उकळलं तर सगळी शक्ती उडून जाईल. तसंच नुसतं मिसळलं. आधी स्वतः दोन चमचे घेतलं. रंग तोच, आणि गरम उतरणंही थेट सिस्टरांच्या बाटलीसारखं! डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी वाटीभर घेऊन जैबुनकडे गेले.

"काय हाय हे?"

"टॉनिक. मी केलंय. बायकांच्या अशक्तपणावर."

"कडू तं नाही ना?"

"पी तर खरं."

तोंड वाकडं करत प्याली. मग वाटी उलटी करून बोटानं पुसली. "गोड हाय व," म्हणाली. वाटी पुसून घेतली म्हणजे आवडलं.

२० एप्रिल, रविवार

आज ईस्टर. शाळेत सकाळी घंटा वाजायच्या आणि सिस्टर रंगवलेली अंडी वाटायच्या. मी माझं अंडं खिडकीत शोभेला ठेवायचे, ते पुढे वास मारायचं. स्वयंपाक करता करता तेव्हाचं एक इंग्रजी गाणं म्हणत होते, तर वामनराव दाराशी येऊन उभे राहिले. "काय हवं?" तर म्हणे काही नाही.

टॉनिकचा गुण दिसतो आहे. जैबुन आता दुपारचं जेवण झालं की स्वतःच भिंतीशी येते आणि ताटलीवर चमच्यानं वाजवते. आम्ही दोघी गोठ्याच्या सावलीत बसतो. आज ती तिच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. वरातीत कय्युमभाईंची घोडी बिथरून पेट्रोल पंपात शिरली होती. ही गोष्ट मी वीसदा ऐकली असेल. पण आज दोघींना इतकं हसू आलं की गाय उठून उभी राहिली. हसता हसता जैबुनला तिथेच डुलकी लागली. किती दिवसांत तिला अशी झोप लागली नव्हती, बिचारीला. मला मात्र दया येण्याऐवजी सारखं हसूच येत होतं.

मला स्वतःलाही तरतरी वाटते. दुपारी एरवी पाय ओढत चालावं लागतं, ते विसरायला होतं. संध्याकाळी परत येतो थकवा, पण वयच झालं आहे.

२६ एप्रिल, शनिवार

पहिली बरणी संपली. दुसरी घातली, आणि विरजण लावल्यासारखं जुन्यातलं थोडं नव्यात घातलं. त्यानं फारच लवकर काम झालं. उद्योग अंगात भिनतो आहे. तांदूळ निवडताना मी हल्ली कच्चे दाणे मूठमूठ खाते, त्याची लाज वाटते, पण टॉनिकची धुंदी असली की तेही आठवत नाही. धुंदी म्हणजे कामाची धुंदी.

वामनराव आयुष्यात कधी चूर्णसुद्धा चाखत नाहीत. आज म्हणाले, "बायकांसाठीच हाय का हे, का आमच्यासारख्या म्हाताऱ्यांलेबी चालते?"

"तुम्हाला कसला अशक्तपणा?"

"हाय थोडासा. संध्याकाळी संध्याकाळी वाटते."

दिलं अर्धी वाटी. अगदी घोट घोट प्याले, डोळे मिटून. त्यांच्या मनात औषधांबद्दल अशी श्रद्धा निर्माण झालेली पाहून बरं वाटलं.

३ मे, शनिवार

जैबुननं मशीनवरची चादर काढली! माहनूरसाठी फ्रॉक शिवायला घेतला आहे, पिवळ्या कापडाचा. सुट्टीत पोर येणार आहे म्हणे. कय्युमभाई भिंतीशी येऊन म्हणाले, "भाभी, काय जादू केली? काल मले गाणं म्हणून जेवाले वाढलं तिनं." मी म्हटलं, जादू नाही, निसर्ग आहे.

थोडं लपवण्यासारखं आहे ते इथे लिहिते. मला अभिमान वाटला. मुलं मोठी झाली, नयन पुण्याला, घरात दोन माणसांचं काय ते काम. बरीच वर्षं असं वाटत होतं की माझ्या हातून आता कुणाचं काही होणं राहिलेलं नाही. या बरणीनं ते खोटं ठरवलं.

१० मे, शनिवार

सोमवारी आमच्या दारूबंदी समितीची बैठक माझ्याकडे आहे. मी अध्यक्ष आणि जैबुन सदस्य. मोर्चात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असतो. गेल्या वर्षी पोलिसांबरोबर आम्ही नाल्यावरच्या हातभट्टीवर धाड घातली तेव्हा तिनं स्वतः काठीनं मडकी फोडली. मी जीपजवळच होते, नाकाला कोलोनचा रुमाल लावून. तो वास तुम्हाला सहन व्हायचा नाही असं सगळ्याच म्हणाल्या होत्या, म्हणून मी जवळ गेलेच नाही.

बैठकीला येणाऱ्या बायका किती थकलेल्या असतात! दिवसभर शेतात निंदण, घरी स्वयंपाक, वर नवऱ्याची कटकट. ठरवलं, सगळ्यांना एकेक पेला टॉनिक द्यायचं. जैबुन म्हणाली, "भाषणाच्या आधीच देजो ताई, म्हणजे भाषण गोड लागन." तिसरी बरणी काठोकाठ भरली आहे.

१२ मे, सोमवार

आज लिहिलं नाही तर डोकं शांत होणार नाही.

सकाळी आमच्या गायीचं आणि शेताचं पाहणाऱ्या रामधनला हाक मारली. बरणी जड आहे, बैठकीच्या खोलीत नेऊन ठेव म्हटलं. तो छपरापर्यंत गेला आणि दाराशीच थांबला. आत जाईना.

"अरे उचल ना."

"बाई, मले तिकडं नका पाठवू."

"काय झालं? साप आहे का?"

"साप परवडला असता." त्याच्या कपाळावर घाम आला होता. नजर बरणीवरून काढून त्यानं गायीकडे लावली. "वर्स झालं मी सोडून. तुमीच शपथ घालून देल्ली होती समितीसमोर. आता तुमच्याच घरात काहून बाई?"

"कशाबद्दल बोलतोस तू?"

"ह्यो सडवा हाय ना बाई. मोहाचा. आता गाळाचाच राह्यला फक्त. पण नुसता प्याला तरी चढते की."

सडवा. दारू गाळायच्या आधीचं आंबवण. नाल्यावर पोलिसांनी जमिनीवर ओतलं, ते. पंचनाम्यावर खाली माझी सही आहे.

मी म्हटलं, तू घरी जा आज. तो गेला, अगदी पळत. मी तिथेच पाट्यावर बसले. मग घरात येऊन वामनरावांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली केलाच नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी वास आला मले. झरीले इतकी वर्सं काढली."

"मग बोलला का नाहीत?"

पेपरामागून उत्तर आलं. "तू गाणं म्हणून राह्यली होती, विमल. मले वाटलं, चालू दे."

मला भयंकर राग आला. गाण्याचा आणि याचा काय संबंध?

बैठकीत लिंबूसरबत दिलं. जैबुननं सगळ्यांदेखत विचारलं, "अन् आपलं टॉनिक?" मी म्हटलं, नासलं. ती हळहळली.

१३ मे, मंगळवार

सकाळभर फेऱ्या मारल्या. वामनरावांचं म्हणणं, सांगू नको. "तिले माहीत नव्हतं, तुले माहीत नव्हतं. बंद कर अन् विसर. आता शिवाले बसली हाय ती. सांगशील तं परत बाजेवर जाईन." हे खरं आहे. तिचा चेहरा फुललेला मी रोज पाहते. बोलले नाही तर तो तसाच राहील आणि जैबुनही माझी राहील.

पण ती बाई माझ्या हातचं डोळे मिटून प्याली. घरात सिगारेटचं थोटूक दिसलं तर तीनदा ओसरी धुणारी बाई.

दुपारी गेले. मशीन चालू होतं. फ्रॉकच्या गळ्याला लेस लावत होती.

"बस ताई. हे पाह्य, कशी दिसते?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मोहाची फुलं, गूळ, विरजण, रामधन. सगळं. मशीन थांबलं. सुई कापडातच होती.

"पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खूप हळू म्हणाली, "मी ते पिऊन नमाज पढली, ताई."

मग उठून नळाशी गेली आणि चूळ भरली. परत भरली. परत परत भरत राहिली. मी पुढे झाले तर माझ्याकडे न पाहता हात वर केला.

"तू जाय आता."

१८ मे, रविवार

सकाळी भिंतीवर माझी भांडी ओळीनं मांडून ठेवलेली दिसली. कुकर, पुरणयंत्र, स्टीलचे दोन डबे, टॉनिकची वाटी. सगळी राखेनं घासून लखलखीत. इतक्या वर्षांत तिच्याकडे माझं काय काय राहिलंय ते मला आज कळलं. त्यांतली अर्धी भांडी मी विसरूनही गेले होते.

भांडी आत आणायला चार खेपा घालाव्या लागल्या. मधे मधे बसावं लागलं. मनाला लागलं की शरीरही साथ देत नाही.

२२ मे, गुरुवार

बरणी ओतली. लिंबाच्या झाडाच्या मुळाशी ओतावी म्हटलं, तर वामनराव म्हणाले, "झाडाले काहून शिक्षा?" मग मोरीतच ओतली. ते शेवटपर्यंत शेजारी उभे राहिले, एखाद्याला स्टेशनवर निरोप द्यायला आल्यासारखे. हसू आलं मला. नंतर वाटलं, भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल तर ती म्हणेल, हिला हसू सुचतंय.

नयनचा फोन आला. "आई, आवाज थकलेला वाटतो, रक्त तपासून घे." पुण्यात राहून सगळ्यांनाच डॉक्टर होता येतं. मी म्हटलं, जैबुन बोलत नाही, एवढंच. तर म्हणाली, "मग तू बोल ना." मी सांगितलं, बोलले, म्हणूनच तर ही गत झाली.

३० मे, शुक्रवार

भिंतीपलीकडून दुपारभर मशीनचा आवाज येतो. म्हणजे ती बाजेवर गेली नाही. देवाचे आभार मानले. मग जराशी खट्टूही झाले. माझ्या बरणीशिवायही तिचं चालतंच आहे की.

कय्युमभाई रस्त्यात भेटले. मान खाली घातली मी. ते म्हणाले, "भाभी, ती लाल गोळ्या खाऊन राह्यली, लिंबाच्या पाण्यासंग. एकबी नाही चुकवत. रागानं खाऊन राह्यली. म्हणते, दाखवते विमलले, तिच्या औषधाची गरज नाही मले."

"माझ्यावर फार राग आहे का हो?"

"राग तं हाय." त्यांनी स्कूटरला किक मारली. "पण तुमच्या अंगणात खडखड झाली का खिडकीत जाते पाहाले. मले वाटते, जेवली का नाही ते पाहते."

एवढ्यावर मी घरी आले आणि पोळ्या केल्या. चांगल्या झाल्या.

७ जून, शनिवार

बकरी ईद. या ईदला तिच्याकडून आमच्याकडे फक्त फळं येतात, हे सुरुवातीपासून ठरलेलं. आजही आली. आंबे, वर स्वच्छ रुमाल. पण भिंतीवर ठेवलेली. ठेवणारं माणूस मला दिसलं नाही. मी बराच वेळ भिंतीशी उभी राहिले. पलीकडे माहनूर पिवळा फ्रॉक घालून नाचत होती. मला पाहून "नानी!" म्हणून धावली, तेवढ्यात आतून तिला हाक आली.

आंबे गोड निघाले. वामनरावांना दिले, मला एकच जेमतेम खाववला.

९ जून, सोमवार

आज जैबुन आली. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं, पाहुण्यासारखी. डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, हातात कापडानं झाकलेला वाडगा. वामनराव उठून लगबगीनं मागच्या अंगणात गेले. पुरुषांना अशा वेळी गाय आठवते.

ती बसली. मी बसले.

"मी विचारलं," ती म्हणाली. "आपल्या मोहल्ल्यात मुलींले कुराण शिकवते ना, त्या आपांले. त्या म्हणल्या, माहीत नव्हतं तं गुनाह नाही. माफी मांगून घे. मी मांगली. अल्लाहनं केलं असन माफ." मग माझ्याकडे पाहिलं. "मी नाही केलं अजून."

"नको करू," मी म्हटलं. "करण्यासारखं नाहीच ते."

"तू गप बस. मी बोलून राह्यली." तिनं वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि कापड काढलं. वाफ आली. दाट, तपकिरी काहीतरी होतं, वर तुपाचे डोळे तरंगत होते. सुंठ-मिऱ्याचा वास इतका दाटला होता की बाकी काही कळत नव्हतं. "मी केलं हे. ताकदीचं हाय. तुह्या हातचं मी न पाहता पेली. आता माह्या हातचं तू न विचारता पे."

परवाच बकरी ईद झाली, हे माझ्या डोक्यात आलं. अशक्त बाईला त्यांच्यात पाया देतात, पायांच्या हाडांचा रस्सा, हेही मला माहीत आहे. त्याचा रंग असाच असतो का, ते मात्र मला माहीत नाही. माझ्या आईनं, सासूनं, मी, आम्ही कुणीच जे ओठाला लावलं नाही ते. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काहीच दिसेना. मशीनमधे दोरा ओवताना असतो तसा चेहरा होता, स्थिर.

विचारायचं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मी टॉनिक म्हटलं, आणि तेवढ्यावर ती प्यालीच होती ना?

वाडगा उचलला, डोळे मिटले आणि प्याले. एक घोट. दुसरा. तिसऱ्या घोटाला जिभेवर गूळ आला, मग खसखस, मग डिंकाचा एक मऊ गोळा. हरीरा होता. बाळंतिणीला देतात तो. नयनच्या वेळी हिच्या सासूनंच मला पाजला होता.

डोळे उघडले तर जैबुन ओढणीचं टोक तोंडात कोंबून बसली होती. खांदे हलत होते.

"काय समजली होती व? पाया?"

"हो."

"अन् तरी पेली?"

"हो."

ती हसायची थांबली. ओढणीनं डोळे पुसले, मग त्याच ओढणीनं माझे पुसले, जरा जोरातच. "बावळट हाय तू," म्हणाली. "तुह्या घरात अंडं नाही शिजत अन् मी तुले हे पाजन? इतक्या वर्सात एवढंच ओळखलं मले?"

"तू न विचारता पी म्हणालीस."

"अन् तू पेली." मांडीवर थाप मारून ती म्हणाली, "जाऊ दे मंग. झाली फिटंफाट."

मागच्या अंगणातून वामनरावांनी विचारलं, चहा ठेवू का? जैबुन ओरडली, "भाऊ, तुमी काही पाजू नका आमाले!"

जायच्या आधी ती म्हणाली, "आता माह्यं ऐक. खिडकीतून रोज पाहून राह्यली मी तुले. तुळशीले पाणी घालाले येतं तं दोनदा बसतं. भांडे नेले त्या दिवशी चार खेपा अन् चार ठिकाणी बसली. ओठ पाह्य कसे पांढरे पडले. बिमार मी होती का तू?"

"अगं, उन्हामुळे. आणि तू बोलत नव्हतीस ना."

"मी बोलून राह्यली आता. सकाळी दवाखान्यात चाल, रक्त तपासून आणू. मी मोहल्ल्यातला ऑटो सांगून ठेवला."

उगाच काळजी करते. पण तिला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. वाडग्याच्या तळाशी तुपात भिजलेले बदाम राहिले होते. तिनं ते बोटानं दाखवले, आणि मी एकेक करून सगळे खाईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.